चारच ना?

ऑगस्टातला मंगळवार होता. लॉब्स्टरचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरातली सकाळ माझ्या एकटीची असते, कारण माझा नवरा रेजी पहाटे चारलाच बोटीवर जातो. शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, धुतलेल्या बरण्या फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या, आणि मी टेबलाशी बसून घेवड्याच्या शेंगांची देठं मोडत होते. तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली.

आमच्या गावात दार कोणी वाजवत नाही. बाजूच्या दारानं "आहेस का गं?" म्हणत सरळ स्वयंपाकघरात यायचं आणि शेगडीवर काय शिजतंय त्याचं झाकण उचलून बघायचं, अशी रीत. पुढचं दार वाजवतात ते मतं मागायला आलेले लोक, नाहीतर वाईट बातमी आणणारे पोलीस. नवरा पाण्यावर असलेल्या बाईला पुढच्या दाराची टकटक ऐकून काय होतं ते मी सांगत बसत नाही. हातातली शेंग तशीच मुठीत धरून मी दार उघडलं.

दारात देलिमामावशी उभी होती. ऑगस्टच्या उन्हात चर्चला घालायचा निळा कोट, हातात पर्स.

"रेजी..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"अगं नाही, नाही! रेजीला काही झालेलं नाही. त्याची बोट आत्ता बघितली मी धक्क्याजवळ. मला मेलीला कळायला हवं होतं." ती चांगलीच ओशाळली. "बाजूनंच यायला हवं होतं."

"मग आली का नाहीस?"

"काम होतं," ती म्हणाली. जणू रोज ती बिनकामाची येते म्हणून बाजूच्या दारानं येते, आणि काम असलं की पुढचं दार लागतं.

मी तिला आत आणून बसवलं. कोट काढायला ती तयार होईना. पर्स मांडीवर घट्ट धरून तिनं सांगितलं ते असं : गुरुवारी तिच्या नातीला, मिलेनला, मॉन्क्टन शहरात न्यायचं होतं. अक्कलदाढा काढायच्या होत्या. गुंगीचं इंजेक्शन देणार, म्हणून सोबत मोठं माणूस हवं, आणि त्यानं शेवटपर्यंत तिथं थांबायला हवं. मिलेनची आई, म्हणजे मावशीची मुलगी नोएला, तिकडे दूर पश्चिमेला, आल्बर्टात, तेलाच्या खाणीवरच्या छावणीत स्वयंपाकाचं काम करते. तीन आठवडे काम, एक आठवडा घर. तिची सुट्टी अजून बारा दिवसांवर होती.

"तर तू जाशील का गं तिला घेऊन?"

"जाईन की. पण तू का नाही?"

"माझे डोळे."

"डोळ्यांना काय झालं तुझ्या? परवा बिंगो खेळून आलीस, गाडी चालवत आलीस, आणि गाडीत बसल्या बसल्या माझ्या टोमॅटोवर कीड पडलीय म्हणून सांगितलंस. मला स्वतःला दिसली नव्हती ती."

मावशी हसली नाही. एरवी ती तोंडावर हात धरून हसते. खूप वर्षं मला वाटायचं ही लाजते.

मी या गावात सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. शेजारचं घर देलिमा दुआरोंचं. गावात सगळेच तिला मावशी म्हणतात. धक्क्यावरच्या कारखान्यात तिनं चौतीस वर्षं लॉब्स्टर सोलले. पंजा फोडून आतलं मांस अख्खं, एका तुकड्यात बाहेर काढायचं हे तिनंच मला शिकवलं. माझं मांस तुटलं की म्हणायची, "कोंबड्यांना टाकायचंय का गं हे?" गावात कोणाकडे मयत झाली की पाद्री पोचायच्या आत हिचं कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं पोचलेलं असतं. आणि उन्हाळ्यात रविवारी अंगणात मक्याची कणसं उकडून सगळे बसलो, की बाकीच्यांच्या कोपरापर्यंत लोणी ओघळत असतं, पण मावशी कणीस ताटात उभं धरते, सुरीनं दाणे सरसर उतरवते आणि काट्यानं खाते. सफरचंदाच्याही पातळ फोडी करते. मला ते फार घरंदाज वाटायचं. माझ्या मुलांनाही मी पाहुण्यांसमोर तसं खायला शिकवलं.

मग कधीतरी कळलं, की तिच्या तोंडात तिचा स्वतःचा एकही दात नाही. त्यात तसं नवल नाही. तिच्या वयाच्या इथल्या कितीतरी बायका दात काढूनच बोहल्यावर चढल्या. मुलीचं लग्न ठरलं की बापानं तिचे सगळे दात, चांगले-वाईट न बघता, काढून घ्यायचे आणि कवळी बसवून द्यायची. ही बापाची भेट. पुढे जन्मभर नवऱ्याच्या मागे दातांच्या डॉक्टरची कटकट नको. मावशी एकोणीस वर्षांची होती. लग्नाच्या फोटोत ती अशी हसलीय, की बघणाऱ्याला वाटावं दातांची जाहिरात आहे. तिचा नवरा एफ्रेम असेपर्यंत सांगायचा, "माझी बायको गॅरंटीसकट आली." आणि ती त्याला म्हणायची, "हस, हस! हसणाऱ्याचे दात दिसतात. माझे तरी सारखे आहेत, तुझे बघ." असा सगळा मामला. त्या पिढीत त्याची कोणाला लाज नव्हती.

नोएलालाही कवळी आहे हेही मला ठाऊक होतं. तिची गोष्ट वेगळी, असं गावात सांगत. सतराव्या वर्षी हिरड्यांचा कसला तरी रोग झाला, एका दाढेपासून सुरुवात झाली आणि सगळे दात गेले. बिचारी.

"मावशी," मी म्हटलं, "खरं काय ते सांग. मिलेनशी भांडलीस का?"

तेवढ्यात बाजूचं दार धाडकन उघडलं आणि मिलेनच आत आली. अठरा वर्षांची पोर, ओले केस, उजवा गाल जरासा फुगलेला. बाप तिच्या लहानपणीच दूर झाला आणि आई तिकडे पश्चिमेला. त्यामुळे ही निम्मी मावशीच्याच घरात वाढली. आजीला ती मेमेर म्हणते. तिनं आल्या आल्या पातेल्याचं झाकण उचललं.

"नुसतं पाणीच आहे! मेमेर, तू इथं लपलीस होय?"

"लपायला मी काय चोर आहे?" मावशी म्हणाली.

"कोट बघ हिचा. काकू, तूच सांग हिला. दाढा माझ्या निघणार, आणि घरात ही कालपासून मयत झाल्यासारखी बसलीय. रात्री जेवली नाही. मी विचारलं, मेमेर, तू येणार ना? तर म्हणते, माझे डोळे!"

"अक्कल अजून यायचीय, तेवढ्यात दाढा काढायला निघालीससुद्धा?" मी वातावरण हलकं करायला म्हटलं.

"दे दे, टोमणे दे. शुद्धीवर येताना मी काहीबाही बडबडले तर व्हिडिओ मात्र काढू नकोस हं. माझ्या वर्गातल्या जानेलनं कुत्र्याला लग्नाची मागणी घातली होती. अख्ख्या शाळेनं बघितलं."

"कुठली दुखतेय गं?"

"खालची उजवी. आडवी आलीय. आपल्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले ती काढायलाच हवी. बाकीच्या तीन सरळ आहेत, राहू द्यायच्या का तेव्हाच काढायच्या ते तिथल्या सर्जनशी बोलून तू ठरव. मी अर्जावर चारही लिहून टाकल्यात."

"का? तीन चांगल्या आहेत ना?"

"आत्ता चांगल्या आहेत!" तिनं माझ्यापुढची शेंग उचलली आणि डाव्या बाजूनं चावली. "आईचंही एका दाढेपासूनच सुरू झालं होतं ना? सतराची होती ती, काकू. सतराची, आणि सगळे गेले. ते रक्तातनं येतं, मी वाचलंय. मी नाही वाट बघत बसणार. सप्टेंबरात कॉलेज सुरू व्हायच्या आत, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मावशीच्या हातून पर्स घसरली. कंगवा, जपमाळ, खोकल्याच्या गोळ्या, सगळं माझ्या स्वयंपाकघरभर झालं. मिलेननं वाकून गोळा केलं, पर्स परत तिच्या मांडीवर ठेवली, "मेमेर, तू ना म्हातारी झालीस," म्हणत तिच्या डोक्याचा मुका घेतला आणि आली तशी निघून गेली. उकडलेल्या लॉब्स्टरच्या दुकानावर तिची पाळी होती.

दार लागलं. पाण्याची वाफ खिडकीवर जमली होती. मावशी त्या खिडकीकडे बघत होती.

"नोएलाच्या हिरड्यांना काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

मी देठं मोडायचं थांबवलं नाही. का कोण जाणे, वाटलं, हात थांबले तर ती बोलायची थांबेल.

"एक दाढ दुखत होती. एकच. हिच्यासारखीच. तेव्हा दातांचा एक म्हातारा डॉक्टर दर मंगळवारी गावात यायचा, दुकानाच्या माडीवर बसायचा. कोणाला काही विचारायचा नाही. बाप म्हणेल, आई म्हणेल, तितके काढायचा. नोएलाची बारावी संपणार होती. मला वाटलं, माझ्या बापानं मला दिलं, मी माझ्या मुलीला देईन. लग्न होवो न होवो. एफ्रेम म्हणाला, जुन्या गोष्टी झाल्या गं त्या, आता कोणी करत नाही. तिच्या वर्गात एकीचेही काढले नव्हते. मी म्हटलं..." ती थांबली. "आत्ता मिलेन म्हणाली ना, तेच म्हटलं. तसंच्या तसं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"आणि नोएला हो म्हणाली?"

"नोएलाला मी सांगितलं, चार अक्कलदाढा काढायच्या."

मी शेंग खाली ठेवली.

"खरं सांगितलं असतं तर ती आली नसती, लिझेट. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कोणाला म्हणू शकत नाही. जिना चढताना तिनं विचारलं, 'आई, चारच ना?' मी म्हटलं, 'चारच.' शुद्धीवर आली तेव्हा तोंडात कापसाचे बोळे. बोलता येत नव्हतं. जीभ फिरवून बघितली असेल. मग माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. असा."

मावशीनं हात वर केला. अंगठा आत दुमडलेला, चार बोटं सरळ. लॉब्स्टरच्या कवचांनी कापून कापून रेघा पडलेली बोटं.

"चार बोटं. नुसती चार बोटं धरून माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय केलं? तिचा हात धरला आणि खाली केला. म्हटलं, झोप."

जिभेवर आलं होतं, की मावशी, तेव्हाचा काळच तसा होता. पण तिनं आत्ताच सांगितलं होतं की तिला माहीत होतं. मग काळाच्या अंगावर ते ढकलून मी तिला काय दिलं असतं?  देठ मोडलेल्याच शेंगा पुन्हा मोडत बसले.

"आणि हिरड्यांचा रोग?" मी शेवटी विचारलं.

"ते नोएलानंच काढलं. शाळेत विचारायला लागले तेव्हा. रविवारी चर्चबाहेर बायका विचारायच्या, मी शेजारीच उभी असायचे. ती सांगायची, रोग झाला होता. मी मान हलवायची. तिनं माझी लाज झाकली, आणि मी झाकू दिली. पुढच्या वर्षी ती पश्चिमेला गेली. सुट्टीला येते. माझ्याशी गोडच बोलते. पण माझ्यासमोर ती सफरचंद कधी खात नाही, तुझ्या लक्षात आलंय का? फोडी करूनसुद्धा नाही."

आलं नव्हतं. बावीस वर्षं मी फक्त मावशीच्या फोडी बघत होते, आणि सुरुवातीला तर मला ते घरंदाजपण वाटत होतं.

"मिलेनला हे कळायला हवं," मी म्हटलं. "तिनं एक काढावी नाहीतर चारही, पण खोट्या रोगाला भिऊन नको."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. तू घेऊन जा तिला. वाटेत सांग. तुला नीट बोलता येतं."

"गाडी मी चालवेन. हे मात्र मला सांगता येणार नाही. हे माझं नाहीच, मावशी."

"ती माझं तोंड बघणार नाही परत."

 बघेल, असं म्हणायचा मोह होत होता. पण ते मला माहीत नव्हतं.

मावशी उठली. तिनं कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि माझ्या फोनवरून नोएलाचा नंबर लावला. तिला ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो, त्यामुळे मला बाहेर जायचं सुचायच्या आत पलीकडून भांड्यांचा खणखणाट माझ्या स्वयंपाकघरात आला.

"आई? काय झालं? मिलेन बरी आहे ना?"

"बरी आहे. ती चारही काढायला निघालीय."

"मला बोलली ती. मग?"

"तुझ्यामुळे निघालीय. तुला रोग होता म्हणून. तिला वाटतं रक्तातनं आलाय."

खणखणाट कमी झाला. नोएला कुठल्या तरी कोपऱ्यात गेली असावी.

"मी तिला सांगू का?" मावशीनं विचारलं.

"काय सांगणार?"

"झालं तसं."

 मला वाटलं फोन तुटला.

"आई, माझे अजून दोनशे डबे भरायचेत," नोएला म्हणाली. मग आवाज जरा बदलला. "सांग. तूच सांग. आणि रडू नकोस तिच्यासमोर. तू रडलीस की तिला तुझी समजूत काढत बसावं लागेल. मला काढावी लागली होती."

फोन बंद झाला. मावशीनं माझ्याकडे न बघता दोन मुठी शेंगा पुढ्यात ओढल्या आणि दुपारपर्यंत आम्ही बरण्या भरल्या. 

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. मी गाडी चालवत होते, मिलेन माझ्या शेजारी, मावशी मागे. इंजेक्शनसाठी मिलेनला उपाशी राहायचं होतं, त्यामुळे ती चिडलेली होती.

"डोळे बरे झाले वाटतं, मेमेर?"

"झाले."

"मला वाटलं, म्हातारी ऐनवेळी टांग देणार."

पूल मागे पडला, समुद्र डावीकडे गेला, आणि मावशीनं बोलायला सुरुवात केली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ती मिलेनच्या मानेकडे बघून बोलत होती. माझ्या टेबलाशी सांगितलं त्याहून कमी शब्दांत तिनं सांगितलं. माडी, चार दाढा, जिन्यातला प्रश्न, तिनं दिलेलं उत्तर. चार बोटंही सांगितली. हात खाली केला तेही. रडली नाही. मध्येच एकदा खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि पुढे सांगितलं.

मिलेननं मागे वळून बघितलं नाही.

"म्हणजे रोग नव्हताच?"

"नव्हता."

"चांगले किती होते त्यातले?"

"एक दाढ सोडून सगळे."

"आणि आईनं मला खोटं सांगितलं?"

"आईनं माझ्यासाठी सांगितलं. खोटं माझं आहे."

मिलेननं रेडिओ लावला. लगेच बंद केला. "गाडी थांबव, काकू."

मी बटाट्याच्या शेताच्या कडेला गाडी घेतली. ती उतरली, दहा-वीस पावलं चालत गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मावशीनं दाराच्या कडीला हात लावला. मी म्हटलं, "राहू दे, मावशी." तिनं हात काढून घेतला.

मिलेन परत आली ती पुढेच बसली. पट्टा लावला. गाडी सुरू झाली, मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझे दुधाचे दात पडले ते सगळे तू बटणांच्या डबीत ठेवलेस. मला वाटायचं, किती माया हिची."

 मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. 

दवाखान्यात खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"ही काकू," मिलेन म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

ती मुलगी मावशीकडे बघून हसली. "आणि आजी?"

"त्या नुसत्या आल्यात," मिलेन म्हणाली.

मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर. समोर एक पोरगा दोन्ही गालांना बर्फाच्या पिशव्या बांधून आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसला होता. मावशी त्याच्या आईकडे बघत होती. आम्हाला आत बोलावलं तेव्हा ती उठली नाही. उठू का, असंही तिनं विचारलं नाही.

सर्जन शियासोंबाई माझ्याच वयाच्या, घाई नसलेल्या. त्यांनी मिलेनच्या दातांचा मोठा फोटो पडद्यावर लावला आणि पेन्सिलीनं दाखवलं : ही खालची उजवी, बघ, आडवी झोपलीय, शेजारच्या दाढेला ढकलतेय, ही काढायलाच हवी. या तीन सरळ आहेत, त्यांना जागाही आहे. त्या राहिल्या तर दरवर्षी तपासायच्या. पुढे कधी त्रास दिलाच, तर तेव्हा बघू. आत्ताच काढायची असेल तर तेही करता येईल.

"अर्जावर तू चार लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "का, ते सांगशील?"

"मला भीती वाटत होती. वाटत होतं, आमच्या घरात रोग आहे."

"हिरड्यांचा? कोणाला होता?"

मिलेननं एकदा माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. इतक्या वेळात पहिल्यांदा मला ती सतरा-अठराची पोर वाटली.

"कोणालाच नव्हता," ती म्हणाली. "घरात रोग नाही." मग तिनं विचारलं, "तुमची मुलगी असती तर तुम्ही किती काढल्या असत्या?"

"एक. आणि बाकीच्यांवर नजर ठेवली असती. पण तोंड तिचं असतं, म्हणून मी तिला विचारलं असतं."

मिलेननं अर्ज मागून घेतला. चारचा आकडा खोडला, शेजारी एक लिहिलं आणि त्याच्यापुढे आपली सही केली. सही करायला तिला जरा जास्तच वेळ लागला. मग ती खुर्चीत आडवी झाली, नर्सनं बाही वर केली, दिवा खाली ओढला.

तेवढ्यात टकटक झाली.

दार उघडंच होतं. मावशी उघड्या दारावर बोटांनी वाजवून उंबऱ्याबाहेर उभी होती. कोटाची सगळी बटणं लावलेली, पर्स दोन्ही हातांत. मिलेननं मान वळवली नाही. ती वरच्या दिव्याकडे बघत राहिली.

"या ना, आजी," शियासोंबाई म्हणाल्या. "काही विचारायचंय का?"

मावशी आत आली नाही.

"विचारायचं काही नाही," ती म्हणाली. "हिला झोपवायच्या आधी, किती काढणार तेवढं हिच्यासमोर एकदा मोठ्यानं म्हणा."